डोंगर वर, समुद्र खाली

सेराम बेटावरच्या एका शिक्षकांचं पत्र माझ्याकडे बरीच वर्षं उत्तरावाचून पडून होतं. नकाशांच्या जुन्या पुस्तकात, मालुकू बेटांच्या पानावर मी ते ठेवलं होतं. लिहायचा कंटाळा नव्हता. मला उत्तर येतच नव्हतं.

जावा बेटावरच्या सालातिगाच्या शाळेत इतिहास-भूगोल शिकवत असताना मी पाचवीच्या मुलांसाठी एक लहानसं पुस्तक लिहिलं होतं. सुमात्राची जुनी राज्यं, कालिमांतानच्या नद्या, मालुकूची लवंग आणि तिच्या वासावर आलेली परदेशी गलबतं. सगळं वाचनालयात बसून लिहिलेलं. मी स्वतः सुराबायाच्या पुढे कधी गेलो नाही. बोटीचं नाव काढलं तरी पोटात ढवळतं. पुस्तक मात्र बोटीत बसून सेरामला पोचलं. पहिला धडा असा होता : उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभे राहा. तुमच्या डाव्या हाताला उत्तर दिशा.

त्या शिक्षकांचं नाव एझेर मानुपुत्ती. त्यांनी लिहिलं होतं, 'मुलं धडा घडाघडा म्हणतात. पण आमच्या गावात उत्तर-दक्षिण कुणी बोलत नाही. एक समुद्राकडची बाजू, एक डोंगराकडची. मुलं आजोळी जातात, बेटाच्या पलीकडच्या किनाऱ्याला. तिथे समुद्र दुसऱ्या अंगाला येतो, पण पुस्तकातली उत्तर काही जागची हलत नाही. मग मुलं म्हणतात, पुस्तक खोटं आहे. मी त्यांना काय सांगू?'

आम्हा जावाच्या माणसांना हा प्रश्नच कळायला अवघड. आमच्या अंगातच दिशा असतात. माझी बायको लास्मी झोपेतसुद्धा म्हणते, "जरा पूर्वेला सरका, पांघरूण ओढताय."

मग आमचा मुलगा बागास नोकरीसाठी आंबोनला गेला आणि परत आला तो योसिनाला लग्न करून घेऊन. ती मालुकूतल्याच हारुकू बेटाची. मोठ्याने हसणारी, मोठ्याने बोलणारी. आल्या दिवसापासून ती लास्मीला बू आणि मला पाक म्हणू लागली, आमच्याकडे वडीलधाऱ्या बायकांना आणि पुरुषांना म्हणतात तसं. आमच्या घरात इतका आवाज पूर्वी नव्हता आणि मला तो आवडायचा.

"सुरी दे गं," एकदा सकाळी जेवताना लास्मी तिला म्हणाली. "ती काय तिथं, तळलेल्या टेम्पेच्या ताटलीच्या उत्तरेला."

योसिना ताटलीकडे बघत राहिली. "बू, ताटलीला उत्तर कुठून आली? ताटली म्हणजे काय बेट आहे?"

"अगं, दोन वर्षांच्या पोराला कळतं!"

"आमच्याकडे दोन वर्षांचं पोर पोहतं."

मी हसू दाबायला मान खाली घातली. योसिनाचं लक्ष गेलंच. "पाक, तुमच्या डोंगराकडच्या गालाला भात लागलाय."

मी चुकीचा गाल पुसला. आणि कितीतरी दिवसांनी मला एझेर मानुपुत्तींचं पत्र आठवलं.

पुढे स्वयंपाकघरावर नवं छप्पर चढलं. रीतीप्रमाणे शेजाऱ्यांना बोलावून प्रार्थना झाली, जेवण झालं. जे आले नाहीत त्यांच्याकडे पिवळ्या भाताचे डबे पाठवायचे होते. आमच्याकडे हा डबा म्हणजे नुसता भात नसतो. ज्या घरी तो जातो, त्या घराशी आपलं बरं आहे, असं त्यातून कळवलेलं असतं.

शेवटचा डबा बू दार्मीचा. "विहिरीपासून दक्षिणेला जा," लास्मीने सांगितलं, "मग पूर्वेला वळ. दुसरं दार."

"दक्षिण म्हणजे डोंगराकडे ना?"

"हो बाई, मेर्बाबूकडे. भात गार होतोय."

त्या दुपारी मेर्बाबूवर ढग उतरले होते. डोंगर होता कुठे? योसिना गेली आणि थोड्या वेळाने खुशीत परत आली.

"दिला, बू. आजी रडल्याच. माझा हात सोडेनात."

"दार्मी रडली? तिला काय झालं रडायला?"

"खूप माया केली. दारातला होल्याचा पिंजरा पण दाखवला."

लास्मीच्या हातातला डाव तसाच राहिला. होल्याचा पिंजरा होता तो बू कार्तीच्या दारात. गल्लीतल्या सांडपाण्याच्या पन्हळीवरून तिचं आणि लास्मीचं बोलणं बंद झालं तेव्हा बागास शाळेतही जात नव्हता.

"आता ती गावभर सांगणार, लास्मीच नमली म्हणून!" लास्मी कडाडली. "साध्या दिशा कळत नाहीत, आणि निघाली संसार करायला!"

योसिनाने उलट उत्तर दिलं नाही. तेच मला बरं वाटलं नाही.

संध्याकाळी बागास माझ्याजवळ पायरीवर येऊन बसला. "पाक, ती म्हणते आंबोनच्या बोटीचं तिकीट काढ. माहेरी राहून येते म्हणते."

"येईल ना परत?"

"मला नाही वाटत. रस्त्यात उभी राहिली की तिला वाटतं, आपणच खुळ्या आहोत. तुम्ही बोला ना तिच्याशी. तुम्ही तर जन्मभर हेच शिकवलंत."

शिकवणं निराळं आणि बोलणं निराळं. वर्गात निदान हातात खडू असतो.

सकाळी ओसरीवर कागद घेऊन बसलो आणि आमच्या गल्लीचा नकाशा काढला. विहीर, चिंच, बू दार्मीचं दार, बू कार्तीचा पिंजरा. नकाशा बरा झाला होता, पण योसिनाला त्याचा काय उपयोग? त्याच्या माथ्यावर उत्तर होती. मी कागद फिरवून धरला. माथ्यावर मेर्बाबू काढायला गेलो तर हात थांबला. असा नकाशा काढणाऱ्या मुलांचे मी गुण कापले होते. मग मेर्बाबू काढलाच, चांगला ठसठशीत, आणि नावं नव्याने सुलट लिहिली.

योसिना कॉफी घेऊन आली. डोळे सुजलेले होते. कागद बघून ती तशीच उभी राहिली.

"हा डोंगर."

"हो."

"मग ही आपली विहीर. इथून मी अंदाजाने डोंगराकडे गेले आणि..." तिचं बोट फिरत राहिलं. "उजवीकडे वळले. डावीकडे जायला हवं होतं. एवढंच?"

"एवढंच."

"आणि ढग आले की? तेव्हा मला कसं कळायचं?"

याचा मी विचार केला नव्हता. नजर खाली गेली, तर समोर ती भांडणाची पन्हळ वाहत होती. "पाणी बघ," मी म्हणालो. "ते डोंगराकडून येतं. समुद्राकडे जातं."

"हे पाणी? समुद्राला जातं?"

"सेमारांगच्या किनाऱ्याला. उशीर लागतो, पण जातं."

ती वाकून त्या घाणेरड्या पाण्याकडे कितीतरी वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "आल्या दिवशीच सांगायचंत ना, पाक."

लास्मी बाहेर आली. "हे उलटं काय काढलंय? डोकं फिरलं का?"

"उलटं नाही, बू," योसिना म्हणाली. "तुम्ही डोंगराकडे पाठ करून उभ्या आहात."

लास्मीने खरंच वळून पाहिलं.

तेवढ्यात फाटकाशी बू कार्ती आली. हातात आमचा डबा होता. रिकामा डबा कुणी परत करत नाही. तिने त्यात कसावाची गोड वडी घातली होती. तो तिने लास्मीपुढे धरला.

"सून गुणी आहे तुझी," बू कार्ती म्हणाली. "भातात मीठ कमी होतं."

"तुला कधी पुरलंय मीठ?" लास्मी म्हणाली. आणि मग, "ये आत. पश्चिमेकडून ये, इकडे ओलं आहे."

रात्री जेवताना बागासने भीत भीत तिकिटाचं विचारलं.

"काढू की," योसिना म्हणाली. "लवंग काढायच्या दिवसांत जाऊ. पण चार काढ, येतानाची पण. पाकनी एकदा बेट बघायला नको?"

बोटीचं नाव निघालं होतं. पण मी नाही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी पत्र लिहिलं. 'मुलांना आधी बेटाच्या मधोमध डोंगर काढू द्या,' असं लिहिलं, 'आणि सभोवती समुद्र. आजोळ पलीकडच्या किनाऱ्यावर काढू द्या. मुलांचं बरोबर आहे. उत्तर त्यांना नंतर सांगा. तिला घाई नसते.' सोबत आमच्या गल्लीचा नकाशा घातला. पाक एझेर अजून त्या शाळेत असतील का, हयात तरी असतील का, कोण जाणे. म्हणून पाकिटावर त्यांच्या नावाखाली लिहिलं : किंवा पाचवीचे जे कोणी शिक्षक असतील त्यांना.

मी चपला घालत होतो तेव्हा योसिनाने विचारलं, "कुठे निघालात?"

"पोस्टात."

"कुठल्या बाजूला?"

"समुद्राकडे," मी म्हणालो.

पन्हळीच्या कडेकडेने, पाणी जात होतं तिकडे चालत गेलो आणि पत्र पेटीत टाकलं.