जांभळ्या दांड्याचं झाड

मी मागच्या भिंतीलगतचं झाड बोलतोय. मला कुणी मुद्दाम लावलं नाही. शिवणकामाच्या खोलीमागे आपोआप उगवलो. मूळ गाजरासारखं जाड, दांडा लालसर जांभळा, पानं मोठी, एकाआड एक. फुलांना पाकळ्याच नाहीत. पण फुलांमागून येणारे काळ्या-जांभळ्या फळांचे घोस रसाने टच्च भरलेले. दिसायला देखणा, पण मुळापासून फळापर्यंत माणसाला विषारी!

त्या खोलीत ताई कपडे शिवायची. धाकटी बहीण तिच्याकडेच राहायची. धाकटीने एकदा माझी फळं कुस्करून पांढरं सूत रंगवलं. "ताई, बघ तरी!" म्हणत ती नाचलीच. उन्हात रंग विटला, तरी तिचा नाद सुटेना. ताईचे यजमान, म्हणजे तिचे भावोजी, मला उपटायला आले, तेव्हा तीच आडवी आली. "राहू द्या ना, भावोजी. फळं तेवढी कुणी तोंडात घालू नका." पानांचं तिलाही ठाऊक नव्हतं.

एकदा ती बाहेर गेली होती. घरात भाजी नव्हती, ताईला शिलाई उरकायची होती. तिने माझी कोवळी पानं खुडून त्यांचीच भाजी केली. मला ओरडता आलं असतं तर!

ताईला दवाखान्यात न्यावं लागलं. धाकटी धावत आली, तर भावोजी दारातच भडकले.

"तूच शिजवलंस ना हे?"

"मी घरात तरी होते का?"

"आधी चालती हो इथून!"

ती नेसत्या कपड्यांनिशी गेली.

ताई वाचली. घरी परतताच म्हणाली, "अहो, भाजी मीच केली होती. तिला का घालवलंत?" बरं वाटल्यावर ती स्वतः बहिणीला आणायला गेली आणि एकटीच परतली. "राग नाही म्हणते," तिने भावोजींना सांगितलं, "पण या घरात कुणाचं पोट दुखलं, तरी सगळे माझ्याकडेच बघतील म्हणते."

आज ताई मला मुळासकट खणतेय. बरोबरच आहे, नुसता दांडा कापला तर मी पुन्हा फुटतो. वाचणाऱ्यांनो, अनोळखी झाडाचं पान खुडण्याआधी कुणाला तरी विचारा, एवढंच मागणं.

"दे ती कुदळ, मी खणतो," भावोजी म्हणाले.

"हे माझं मी बघते. तुम्ही तिची माफी मागून या."

 भावोजी चपला घालून निघाले. ती येते की नाही, हे बघायला मी नसेन.