पसरलेले पंख

नणंदेने पाठवलेला फोटो तिने मोठा करून पाहिला आणि तिच्या मनात पाल चुकचुकली. झाडाच्या सालीवर राखी पतंग, पंखांवर पिवळे ठिपके. जात दुर्मीळ होती, संरक्षित. संग्रहालयातर्फे तिने नोंद मंजूर केली की नणंदेच्या घरामागची झाडं वाचणार होती. नाहीतर तिथे वाहनतळ होणार, हे ठरलेलंच होतं.

पण ही जात पंख पाठीवर मिटून बसते, उतरत्या छपरासारखे. फोटोतले पंख दोन्ही बाजूंना सपाट ताणलेले होते, कडा सरळ रेषेत. जिवंत पतंग असा बसत नाही. मेलेल्या पतंगाला टाचणी टोचून असं बसवून वाळवतात, आणि ते काम ती स्वतः रोज करत असे.

मागच्याच आठवड्यात नणंद संग्रहालयात भेटायला आली होती. ही चहा आणेपर्यंत ती कपाटांपाशी एकटीच होती.

तिने खण ओढला. डांबरगोळ्यांचा वास अंगावर आला. त्या जातीची रांग जागच्या जागी होती. तरी तिला चैन पडेना. आपल्या खणातला नाही, म्हणून काय जिवंत झाला?

तिने फोन लावला.

"वन्सं, फोटो छान आलाय हं."

"अगं बाई, एकदम वन्सं? काय चुकलं माझं, वहिनी?"

"नंतर उडाला कुठे?"

"उडाला... वर. उंच."

"टाचणीसकट?"



"इतक्या चौकशा करून तुला नवरा कसा मिळाला गं?"

"तुझा भाऊ पंख मिटून बसला होता."

नणंद हसली, मग तिचा आवाज उतरला. "बाबांच्या जुन्या पतंगांच्या पेटीतला आहे. पण इथेच पकडलेला, देवाशपथ. मी शाळेत होते, जाळी मीच धरली होती."

"खाली चिठ्ठीवर कुठे पकडला, कधी पकडला, लिहिलंय?"

"बाबा आणि लिहून ठेवणार!"

या वेळी तिला ते खरं वाटलं. पण तेव्हा होता म्हणजे आज आहे, असं होत नाही. तिने 'नामंजूर' निवडलं आणि कारणापुढे लिहिलं: मृत नमुना.

नणंदेच्या फोनवर सूचना वाजली. "नाकारलंस?"

"हो. उद्या अंधार पडताना येते. झाडांत दिवा लावून चादर टांगू. आला तर चादरीवर बसेल."

"आणि नाही आला तर?"

"तर मी खोटं लिहिणार नाही."

नणंद म्हणाली, "चादर माझी घेऊ. पांढरी लागते ना? तुझ्या घरात सगळ्या फुलाफुलांच्या."