मीनलचा डावा गाल

मीनल जन्मली तेव्हा तिच्या डाव्या गालावर, कानापासून ओठापर्यंत, काळसर तपकिरी डाग होता. त्यावर बारीक लव. सुईणीने बाळ कुमुदिनीच्या कुशीत देताना तो गाल आतल्या बाजूला ठेवला.

"ग्रहणाचा डाग आहे," सासूबाई, माई, एवढंच म्हणाल्या. पुढे त्या बाळाला सतत कुंची घालू लागल्या. संक्रांतीला बोरन्हाण नको, असंही त्यांनी सांगून टाकलं.

खरं कारण आपल्यालाच ठाऊक आहे असं कुमुदिनीला वाटे. सातव्या महिन्यात ग्रहण होतं. हलू नको, कशाला हात लावू नको, असं बजावून माईंनी तिला पाटावर बसवलं होतं. अंबरनाथच्या त्या निवांत दुपारी उजेड राखेसारखा मऊ झाला आणि तिचा डोळा लागला. स्वप्नात ती वालधुनी नदीच्या पाण्यात उभी राहून जांभळं खात होती. खाता खाता तिने रंगलेला हात गालाला पुसला. डाव्याच.

आता मीनलला पाजताना ती डागाची कड बोटाने गिरवत बसे आणि पावलांना पुन्हा ते गार पाणी लागे.

शेवटी नवऱ्याला सांगून ती बाळाला निर्वासितांच्या कॅम्पातल्या सिंधी डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी खिडकीपाशी नेऊन गाल नीट पाहिला. मग तिने स्वप्नही सांगून टाकलं. डॉक्टर हसले नाहीत.

"ग्रहण कितव्या महिन्यात?"

"सातव्या."

"बाई, चमडी तर त्याच्या आधीच बनली होती. रंगाच्या पेशी एका जागी जास्त वाढल्या. का, ते आम्हालाही पक्कं माहीत नाही. पण तुम्ही काही केलं नाही."

"जाईल का?"

"नाही. बच्ची वाढेल तसा वाढेल. रूप बदललं तर दाखवायला आणा."

परतताना टांग्यात ती पदराआड रडली. रडून झाल्यावर स्वप्न पुन्हा आठवलं, आणि या वेळी जांभळं नुसतीच गोड लागली.

"माई, बोरन्हाण करायचं," घरी येताच डॉक्टरांचं बोलणं सांगून ती म्हणाली.

"लोक विचारतील."

"विचारू देत."

संक्रांतीला अंगणात मीनल काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घालून बसली, उघड्या डोक्याने. बोरं, चुरमुरे तिच्यावर सांडले आणि ती खिदळली. शेजारच्या बनूबाई वाकल्या. "हे काय गं गालावर?"

कुमुदिनी बोलणार, तोच माई म्हणाल्या, "जन्मखूण आहे. तिच्याबरोबर वाढणार आहे." आणि त्या गालाला चिकटलेला एक चुरमुरा त्यांनी हलकेच काढला.