पन्नासच्या अलीकडे

टक्केवाल्यांनी तक्त्यावरचे ‘पन्नास’ खोडरबराने खोडले, कागदावर फुंकर मारली आणि बेरीज पुन्हा केली. पुन्हा पन्नासच आले.

अंदाज विभागात बावीस वर्षे ते दर शुक्रवारी हेच करत होते. शेजारच्या देशाशी युद्ध होण्याची शक्यता किती टक्के, ते सांगायचे. गल्लीत त्यांचे नावच टक्केवाले पडले होते. नवीन भाडेकरूंना वाटे, माणूस लाच खातो.

आकडा पन्नासला टेकला की सोमवारी राखीव सैनिकांना बोलावणे जाई. टक्केवाल्यांचा जावई चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचा. स्वतःचा नंबर उणे सहा, पण कागदोपत्री राखीव सैनिक होता. आणि लेकीला नववा महिना लागला होता.

सकाळी डबा हातात देताना बायको म्हणाली होती,

“अहो, तो आकडा तुमच्याच हातात असतो ना?”

“माझ्या हातात कसला? मी नुसता काढतो.”

“मग आज जरा जपून काढा.”

त्यांनी तक्त्याच्या ओळी वरून खाली पुन्हा तपासल्या. सैन्याच्या हालचाली, काही नाही. मंत्र्यांची भाषणे, नेहमीचीच आदळआपट. सगळा भार तेराव्या ओळीवर होता: ‘अनुभवी परदेशी सूत्रांचे मत’. हे सूत्र म्हणजे शेजारच्या देशाचा अंदाज विभाग. उगाच गाफील ठरायला नको म्हणून त्यांच्या गेल्या आठवड्याच्या आकड्यात एक मिळवायचा, अशी जुनी पद्धत होती. त्यांनी आज पहिल्यांदाच तिकडचे जुने अहवाल उघडून पाहिले. त्यांच्याही तक्त्यात तेरावी ओळ होती आणि तिच्यात दर वेळी इकडचा आधीच्या आठवड्याचा आकडा होता, अधिक एक.

ते तसेच उठून साहेबांच्या खोलीत गेले.

“साहेब, ते आपलं बघून वाढवतायत आणि आपण त्यांचं बघून.”

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला.

“म्हणजे त्यांचा आपल्यावर विश्वास आहे. चांगलंच आहे की!”

“पण यात युद्ध कुठेच नाहीये.”

“हे बघा, आकडा मोठा असला आणि युद्ध झालं नाही, तर कुणी विचारायला येत नाही. आकडा लहान असला आणि झालं, तर माझी खुर्ची जाते. तुमची तर आधी जाते. पन्नास ना? पाठवा पन्नास.”

टक्केवाले जागेवर येऊन बसले. बाराला सात मिनिटे होती. एकाने दुसऱ्याची नक्कल करू नये म्हणून दोन्ही देश आपापला अहवाल शुक्रवारी बाराच्या ठोक्याला प्रसिद्ध करत. कोणे एके काळी कुणा हुशार माणसाने हे ठरवले होते. आठवडाभराने नक्कल करता येते, हे त्याच्या डोक्यात आले नसावे.

त्यांनी शेचाळीस लिहिले. आकडा घसरला की कारण द्यावे लागे. बावीस वर्षांत त्यांनी कधी खोटे लिहिले नव्हते. चुकीचे पुष्कळ लिहिले होते, पण खोटे नाही. शेवटी त्यांनी टाइप केले, ‘परिस्थिती निवळत असल्याची खात्रीलायक चिन्हे’, आणि बाराला बटण दाबले.

आता तिकडून पन्नास नाहीतर एक्कावन्न येणार, साहेब फाडून खाणार आणि पुढच्या शुक्रवारी इथे दुसराच कुणी बसलेला असणार, हे त्यांना दिसतच होते. तोपर्यंत लेक बाळंत झाली तरी पुष्कळ झाले, असे म्हणून त्यांनी खणातला टॉवेल आणि कप पिशवीत भरायला घेतला.

साहेब हातात कागद घेऊन जवळजवळ धावतच आले.

“मला न विचारता शेचाळीस?”

टक्केवाले उभे राहिले.

“अहो, मानलं तुम्हाला! त्यांचाही आत्ताच आला. पंचेचाळीस! गेल्या आठवड्यात एकोणपन्नास होता. एकाच मिनिटाला दोघांनी ओळखलं! कसली चिन्हं दिसली हो तुम्हाला?”

“त्यांनी काय कारण दिलंय?”

“‘वातावरणात जाणवण्याजोगा बदल.’ आता आणखी काय हवं?”

साहेब कागद टेबलावर टाकून वरच्या मजल्यावर कळवायला गेले. टक्केवाल्यांनी कागद ओढून घेतला आणि तिकडच्या तक्त्याची बेरीज सावकाश केली. ओळी बरोबर होत्या, भार बरोबर होते. बेरीज पन्नास येत होती.

त्यांनी ती तीनदा केली. मग तिकडे त्या टेबलाशी बसणाऱ्या माणसाच्या घरी आज काय चालले असेल, याचा अंदाज बांधत ते बराच वेळ बसून राहिले.