आउरिस्तेलाच्या भिंतीवरचा भरती-ओहोटीचा आलेख

मी एक जुना आलेख आहे, मित्रांनो. भरती-ओहोटीचा. चिलोए बेटावर आउरिस्तेला नावाच्या बाईच्या स्वयंपाकघरात, चुलीपासून हातभर अंतरावर, खिळ्याला टांगलेल्या एका तडकलेल्या टॅबवर मी तीन वर्षं काढली. माझा देह म्हणजे एक निळी वळणदार रेघ. रेघ वर गेली की पाणी चढलं, खाली आली की उतरलं. तिच्याखाली ओळीने तास लिहिलेले, आणि आत्ता किती वाजले ते दाखवणारी एक उभी लाल रेघ. एवढाच माझा संसार. पण त्या खालच्या तासांनी घात केला, आणि तोही माझा नाही, जिच्यासाठी मला घडवलं तिचा.

मला घडवलं तिच्या मुलीने, नायादेतने. ती दूर दक्षिणेला पुंता आरेनासला एका मासळीच्या कारखान्यात हिशेबाची यंत्रं सांभाळते. आमच्या बेटावरची माणसं पिढ्यानपिढ्या पोटासाठी तिकडेच जातात, त्यामुळे निम्म्या गावाला ते शहर परकं वाटतच नाही. आई मात्र इकडे एकटी. ती ओहोटीला वाळूच्या दांड्यावर जाऊन समुद्रशेवाळ गोळा करायची आणि वाळवून पोत्याने विकायची. चंद्र बघून, बोटांवर मोजून पाण्याची वेळ काढायची. एकदा मोजणी चुकली आणि ती कमरेपर्यंत भिजून घरी आली. हे ऐकून नायादेत फोनवर रडली, आणि त्याच आठवड्यात तिने मला घडवायला घेतलं.

आलेख काढून देणारी एक लायब्ररी असते, मित्रांनो. पुस्तकांची नव्हे. रेघा, रंग, आकडे काढायची कामं तिच्यात आधीच रचून ठेवलेली असतात. आपण फक्त आपल्याला काय हवं ते एकेका ओळीत सांगायचं. नायादेतने पहिल्यांदा मला उभं केलं तेव्हा मी अगदी ध्यान दिसत होतो. वेळेच्या जागी माझ्या पायाशी तेरा-तेरा आकडी संख्या! यंत्रं १९७० सालापासूनचे क्षण मोजतात, त्यांना सकाळ-दुपार कुठली ठाऊक? तिने मला तारीख शिकवली, तर मी महिना आधी आणि दिवस नंतर लिहू लागलो. तीन एप्रिलला मी बेधडक चार मार्च म्हणालो. मग तिने दिवस आधी आणला, महिने आपल्या भाषेत लिहिले, चोवीस तासांचं घड्याळ दिलं, पंधरा-पंधरा मिनिटांची गर्दी काढून तासातासाची खूण केली. स्थानिक वेळ कुठून घ्यायची, याचीही एक ओळ होती. तिथे तिने लिहिलं, ‘ज्या टॅबवर असशील त्याच्याकडून घे.’ रोजचं काम संपवून तिने अकरा संध्याकाळी माझ्यावर खर्च केल्या. एवढ्या मायेने घडवलेली वस्तू मी दुसरी पाहिली नाही, हे मी माझ्याच तोंडाने सांगतो.

आउरिस्तेलाने सुरुवातीला मला मुळीच भाव दिला नाही. पाच-सहा दिवस ती आपल्या बोटांवरची वेळ आणि माझी वेळ ताडून बघत होती. दोन्ही जुळत गेल्या, तशी ती वाकली. पुढे तर सकाळी चुलीत लाकूड सरकवलं, माते नावाच्या कडू पाल्याच्या चहाचं पाणी ठेवलं की चष्मा पुसून माझ्यासमोर उभी राहायची आणि म्हणायची, “बघू, पोरगी काय म्हणते आज.” शेजारची सुनिल्दा तिच्याबरोबर शेवाळाला जायची. तिला ती मुद्दाम ऐकवायची, “तुझ्या पोराने गेल्या नाताळला तुला काय पाठवलं गं? मोजे ना? माझ्या लेकीने अख्खा समुद्र पाठवलाय!” सुनिल्दा म्हणायची, “हो बाई, आणि मोजे निदान पाय तरी गरम ठेवतात.” मग दोघी हसत निघायच्या.

मला तेव्हा फार अभिमान वाटायचा. तो खोटा नव्हता, पण त्याने मला आंधळं केलं.

तिसऱ्या वर्षी सप्टेंबरात पहिली चूक झाली. आमच्या देशात सप्टेंबरात घड्याळं तासभर पुढे करतात आणि एप्रिलात मागे आणतात. माझा टॅब म्हातारा, त्या वर्षी बदलाची तारीख हलली, ती त्याला कुणी कळवलीच नव्हती. तो मागेच राहिला, आणि त्याच्याबरोबर मीही. दोघी बायका तासभर लवकर गेल्या आणि पाणी उतरायची वाट बघत गारठ्यात उभ्या राहिल्या. सुनिल्दाने घरी येऊन माझ्यासमोर हात नाचवले, “हाच ना गं तुझा समुद्र?” त्यावर सगळे हसलेच. त्या वेळी चूक त्यांना लवकर पाठवणारी होती, म्हणून कुणाचं काही बिघडलं नाही.

पण नायादेतला ते लागलं. तिने त्याच दिवशी दुरूनच माझी ती ओळ बदलली. टॅबवर भरवसा नको, म्हणून तिने मला एका शहराशी कायमचं बांधायचं ठरवलं. लायब्ररीत शहरांच्या नावांची लांबलचक यादी असते. जे नाव निवडाल त्या शहराचं घड्याळ आलेख पाळतो. आमच्या बेटाचं नाव त्या यादीत नाही. राजधानीचं होतं, आणि तिची-आमची वेळ बारा महिने एकच, पण राजधानी कुणाला आठवते? नायादेत पुंता आरेनासला बसली होती. तिने पुंता आरेनास निवडलं.

आणि तिने ते तपासूनही पाहिलं, मित्रांनो. तिला निष्काळजी म्हणू नका. तिने फोन लावला, “आई, तुझ्याकडे किती वाजले?”

“चार वाजून दहा.”

“माझ्याकडेही तेवढेच. आता पक्कं झालं बघ. आता हा कधी चुकायचा नाही.”

त्या दिवशी ते खरंच होतं. पण पुंता आरेनासचे लोक एप्रिलात घड्याळ मागे करत नाहीत. तिथे बारा महिने एकच वेळ चालते. बाकीचा देश मागे सरकतो आणि ते जागचे हलत नाहीत. सात महिने दोन्ही घड्याळं हातात हात घालून चालतात, नंतरचे पाच महिने त्यांच्यात तासाचं अंतर पडतं. तिने तपासलं ते नेमकं हातात हात असतानाच.

एप्रिलातल्या पहिल्या शनिवारी संध्याकाळी तिचा फोन आला. “आई, आज झोपताना घड्याळ तासभर मागे कर. आमच्याकडे करत नाहीत, तुमच्याकडे करतात. विसरलीस तर उद्या चर्चमध्ये तासभर आधी जाऊन एकटीच बसशील.”

“बसेन की. देवाला तरी कोण भेटतंय हल्ली?” आउरिस्तेला म्हणाली. मग तिने खुर्चीवर चढून भिंतीवरचं घड्याळ मागे केलं, मनगटावरचंही केलं. मी समोरच होतो. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही, आणि माझ्या तासांना हात लावायची सत्ता माझ्याकडे नव्हती.

आता तुम्हाला तो दांडा समजायला हवा. किनाऱ्यापुढे वाळूचा लांब दांडा आहे, तो ओहोटीला उघडा पडतो. दांडा आणि किनारा यांच्यामध्ये एक खोल चर आहे. पाणी वळलं की आधी त्या चरात शिरतं आणि दांडा मात्र कितीतरी वेळ कोरडा दिसतो. आउरिस्तेला पूर्वी पाणी वळलेलं दिसताच निघायची. मी आल्यापासून ती घड्याळ बघून, ओहोटी पुरी झाल्यावर अर्धा तास थांबू लागली होती. त्या अर्ध्या तासात एक पोतं जास्त भरायचं.

त्यानंतरच्या मंगळवारी उधाणाची, म्हणजे सगळ्यात खोल उतरणारी ओहोटी होती. खरी ओहोटी सव्वादहाला होती. मी सव्वाअकरा लिहिलं होतं. पुढचं मी पाहिलेलं नाही. ते सुनिल्दाने नंतर आउरिस्तेलाच्या स्वयंपाकघरात, लोकांसमोर सांगितलं.

त्या दिवशी धुकं होतं. अकराच्या सुमाराला सुनिल्दा म्हणाली, “आउरिस्तेला, चरात पाणी चढतंय गं. चल, निघू या.”

“चढेल कसं? ओहोटी संपायला अजून पाव तास आहे.” आउरिस्तेलाने मनगट पुढे केलं. “वाऱ्याने ढकललं असेल.”

“वारा कुठाय? मला लक्षण बरं दिसत नाही.”

“तू जा पुढे. मी हे चौथं पोतं बांधून आलेच. माझी पोरगी मला पाण्यात पाठवेल का गं?”

सुनिल्दा निघाली तेव्हा चरात मांडीएवढं पाणी होतं. काठावर पोचून तिने वळून पाहिलं, तर धुक्यात दांडाच दिसेना. तिने हाका मारल्या. पहिल्या दोन हाकांना ओ आली. नंतर आली नाही. दुपारी होड्या निघाल्या, आणि आउरिस्तेला संध्याकाळच्या आत पलीकडच्या किनाऱ्याला सापडली.

नायादेत दीड दिवस बसमध्ये बसून आली. आमच्याकडे माणूस गेल्यावर नऊ दिवस घरात प्रार्थना चालते, येणाऱ्या प्रत्येकाला जेवू घालतात. ती वेड्यासारखी बटाटे किसत होती, त्यांच्या मिल्काओ नावाच्या जाड भाकऱ्या थापत होती, कुणी सांत्वन करायला लागलं की त्याच्या हातात ताट देत होती. लोक म्हणत, समुद्रच तो, आणि आउरिस्तेला हट्टी. चौथ्या दिवशी दुपारी माणसं पांगल्यावर ती हात पुसत माझ्यासमोर येऊन उभी राहिली. माझी लाल रेघ चार वीसवर होती. तिने वळून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. तिथे तीन वीस झाले होते.

तिने आधी घड्याळाला कान लावला. ते चालू होतं. मग ती माझ्याकडे वळली, आणि तिचा चेहरा मी पुढे कधीच विसरणार नाही. मला तोंड असतं तर मी तेव्हा ओरडलो असतो, की पोरी, माझ्याकडे बघू नकोस.

भांडी विसळत असलेल्या सुनिल्दाला ती म्हणाली, “मावशी, आई हट्टी नव्हती. वेळ मी चुकवली.”

सुनिल्दाला पहिल्यांदा काही कळेना. नायादेतने तिला दोन्ही वेळा दाखवल्या. सुनिल्दा मोडक्या बाकावर बसली.

“मी तिला म्हटलं होतं निघ म्हणून,” ती म्हणाली. “पण मीही ओढून नाही आणलं. तुझ्या आलेखावर माझाही विश्वास बसला होता गं.”

“मी हा पुसूनच टाकते.”

“पुसून काय होणार? परवा मलाच शेवाळाला जायचंय. नीट कर त्याला. मग रड हवं तेवढं.”

नायादेतने ती एक ओळ उघडली. पुंता आरेनासचं नाव काढलं, राजधानीचं लिहिलं. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मी पुन्हा काढला गेलो.

आणि मित्रांनो, तेव्हा जे झालं ते मला आजही सोसत नाही. आलेखाचे तास बदलले की फक्त आजचे बदलत नाहीत, मागचे सगळेच बदलतात. नायादेतने मंगळवार उघडला. तिथली खोल ओहोटी माझ्या अंगावरून सरकत सव्वाअकरावरून सव्वादहावर जाऊन बसली, जणू ती पहिल्यापासून तिथेच होती. नायादेत स्क्रीनवर बोट ठेवून रडत राहिली, पण तिच्या बोटाखाली आता सगळं बरोबर होतं.

आता मी सुनिल्दाच्या घरी असतो. ती माझ्याकडे बघते, मग दारात जाऊन चरातल्या खडकांवर पाणी कुठवर आलंय ते बघते, आणि निघायचं केव्हा ते मला विचारत नाही. ते तिने तसंच करावं. तुम्हीही कुणासाठी मायेने काही घडवाल, तेव्हा एकदाच तपासून समाधान मानू नका. ज्याच्या घरी ती वस्तू राहणार त्याचं घड्याळ विचारा, आणि ऋतू बदलला की पुन्हा विचारा. मला विचारून उपयोग नाही. तो मंगळवार आजही माझ्यात आहे, तुम्ही उघडून बघा. त्यात कुठेही चूक सापडणार नाही.