सात मिनिटांचं गाणं

डेटन शहरात कुणीही भेटो, पाचव्या मिनिटाला व्हर्डेल टिब्सची गाडी त्याच गाण्यावर यायची. 'टेन सेंट ट्रॅफिक' बँडचं ते सगळ्यात गाजलेलं गाणं. मूळ सात मिनिटांचं, आणि शेवटची तीन मिनिटं नुसता व्हर्डेलचा ट्रॉम्बोन, फुंकून वाजवायचं ते लांब पितळी वाद्य. तबकडी काढताना बँडच्या म्होरक्यानं, ओथेलनं, त्या तीन मिनिटांवर कात्री चालवली. "लांबलं रे," एवढंच म्हणाला. व्हर्डेलनं त्याला जळकुकडा म्हटलं, बँड सोडला आणि मोटारींच्या ब्रेकच्या कारखान्यात लागला. वर्षभरात बँड देशभर गाजला. हा एकतीस वर्षं ब्रेक जोडत राहिला आणि ओथेलच्या नावानं बोटं मोडत राहिला.

गेल्या ईस्टरला चर्चच्या जेवणात तर त्यानं कहर केला. चारचौघांत ओथेलला गाठलं.

"सगळ्या कारकिर्दीची गाणी एकत्र काढतोयस म्हणे! हिंमत असेल तर माझं अख्खं घाल. का अजून पोटात दुखतंय?"

ओथेल ताटलीतल्या कॉर्नब्रेडकडे बघत राहिला. "बरं," म्हणाला.

सप्टेंबरात अल्बम आला. गाणं सात मिनिटांचं होतं. व्हर्डेलला आभाळ ठेंगणं झालं. रविवारी प्रार्थनेनंतर मुलीनं, रेनिटानं, कॅटफिश तळला, आपल्या सासू-सासऱ्यांना बोलावलं, पाद्रीबाईंनाही बोलावलं. व्हर्डेल सूट घालून मधल्या खुर्चीत बसला.

"आता ऐका," तो म्हणाला. "आता कळेल, माझं काय कापलं होतं ते."

चार मिनिटं सरली. ट्रॉम्बोन आला. पहिला श्वास झकास होता. मग एक सूर घसरला. बँड पुढच्या सुरावटीकडे वळला, पण हा वळलाच नाही. उशिरा धावत आला आणि तेच तेच वाजवत राहिला. ढोलवाला बिचारा त्याच्यासाठी थांबून थांबून घोटाळत होता. मागून तरुण ओथेलचा दबका आवाज ऐकू आला, "चल, चल, मी आहे." असं वाजवल्याचं व्हर्डेलला आठवतच नव्हतं. त्याला आठवत होता तो एक झकास श्वास.

"आमेन," पाद्रीबाई भिडेखातर म्हणाल्या.

"किती गोड, डॅडी!" रेनिटा म्हणाली. तिनं सासूकडे बघायचं टाळलं.

तो स्वयंपाकघरात गेला आणि त्यानं ओथेलला फोन लावला.

"हे असं होतं, तर तेव्हाच का नाही बोललास?"

"काय बोलणार? तू बावीस वर्षांचा. पुन्हा वाद्याला हात लावला नसतास. म्हटलं, मला शिव्या घालेल, चार दिवसांत येईल."

"मग आता कशाला घातलंस?"

"ईस्टरला तूच मागितलंस ना, सगळ्यांपुढे? नाही म्हटलं असतं, तर पुन्हा जळकुकडाच ठरलो असतो."

"मला परत न्यायला तरी यायचंस, मेल्या."

"आलो होतो रे. कारखान्याच्या फाटकापर्यंत. तू तिथल्या कामगार पोरांबरोबर खिदळत बाहेर पडत होतास. म्हटलं, सुखात आहे. गाडी वळवली."

ते खिदळणं व्हर्डेलला पक्कं आठवत होतं. पोरांना तो ओथेलची नक्कल करून दाखवायचा.

बाहेरच्या खोलीत रेनिटानं पाहुण्यांसाठी ते गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं.