हिरव्या तीर्थातला गूळ

सोलापूरच्या चामड्याच्या कारखान्यामागच्या माळावर माणसांची रीघ लागली होती. रुद्रप्पा महाराज निखाऱ्यांवर चिनी मातीचा वाडगा ठेवून बसलेले. वाडग्यात केशरी तीर्थ. आजाऱ्याच्या घरचा गूळ त्यात पडला, की ते फसफसून हिरवंगार व्हायचं आणि मग आजाऱ्याला पाजलं जायचं.

"आई हिरवं नेसली! पीडा पळाली! बोला, उदो उदो!" महाराज गर्जायचे.

जगातली सगळी देवळं सोडून आईला लुगडं बदलायला हाच वाडगा सापडला होता! पण लोकांची खात्री पटलेली. गूळ ज्याच्या त्याच्या घरचा, मग लबाडी कुठली?

मी त्याच कारखान्यात रसायनं पाहतो. कातडी कमावून उरलेल्या हिरव्या पाण्यात क्रोम असतं. ते ओढ्यात न सोडता चुना घालून खाली बसवायचं आणि तो गाळ पुन्हा कातड्यांसाठी वापरायचा, ही माझी धडपड. सुकत घातलेला गाळ अधूनमधून चोरीला जाई.

कारखान्यात झाडलोट करणाऱ्या नागम्माची दुर्गा तापानं फणफणली. नागम्मानं चिमूटभर गूळ नेला. घरात तेवढाच होता. तीर्थ केशरीच राहिलं.

"भक्ती कमी पडली तुजी," महाराज म्हणाले आणि तेच पोरीला पाजलं.

दुर्गाला उलट्या लागल्या, लघवी बंद झाली. दवाखान्यात नेली, पण ती गेलीच.

नागम्मानं सोबत आणलेलं उरलेलं तीर्थ डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवलं. रंग पाहूनच चोरीचा गाळ कुठं जातो, ते मला कळलं. आमचाच गाळ चुना-सोड्याबरोबर भाजून मी माळावर नेला. लोकांसमोर पाण्यात कालवला, थोडं तेजाब घातलं, केशरी झालं. ऊन करून मूठभर गूळ टाकला, हिरवं झालं. मंत्र एकही म्हटला नाही. महाराजांनी तेवढ्यात काढता पाय घेतला.

"केशरी पाणी विष आहे," मी सांगितलं. "गूळ भरपूर पडला, की त्यातलं विष बरंचसं मरतं."

नागम्मा पुढं आली. "मंजी सायेब, माजी भक्ती कमी न्हवती?"

"नव्हती, नागम्मा."

"मंग गूळ लई आसता, तर वाचली आसती की माजी पोर?"

मला रडू आवरेना. दोष तुझा नाही, विष पाजणाऱ्याचा आहे, एवढंच कसंबसं म्हणालो.

लोकहो, गूळ आपल्या घरचा आहे म्हणून भुलू नका. वाडग्यात आधीपासून काय आहे, ते विचारा. आणि पोर तापलं, तर दवाखाना गाठा. दुर्गाला साधा हिवताप होता. तो कोयनेलनं उतरला असता.